नवी कॉइल टाकूनही गाडी मिसिंग मारते तेव्हा

पेट्रोल गाडी बारा-पंधरा वर्षांची झाली की एक तक्रार हमखास येते, मिसिंगची, म्हणजे एखादा सिलिंडर मधेच पेटत नाही. सिग्नलला उभी असताना इंजिन थरथरतं, तिसऱ्या गिअरला पाय दाबला की झटके बसतात, ॲव्हरेज पडतं, सायलेन्सरचा आवाज एकसारखा न येता मधेच अडखळतो. मिस्त्री स्कॅनर लावतो, "साहेब, दोन नंबरची कॉइल गेली" म्हणतो, दोन नंबरच्या सिलिंडरच्या प्लगला ठिणगीचा करंट देणारी ती कॉइल नवी बसवतो आणि गाडी पुन्हा छान पळायला लागते. जानेवारीत, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत सगळं झकास. होळी उलटते, ऊन तापायला लागतं, आणि परत तेच झटके, परत दोन नंबर.

हे लिहितोय ते या दुसऱ्या वेळेसाठी. पहिली कॉइल गेली तर ती वयाने गेली असेल, त्यात नवल नाही. पण त्याच सिलिंडरवरची दुसरी कॉइल वर्ष-दीड वर्षात गेली, तर तिला कोणीतरी मारतंय. तो मारेकरी बहुतेक वेळा प्लगच्या होलमध्ये किंवा कपलरच्या (कॉइलला वायर जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडाच्या) वायरींत सापडतो. तो न शोधता तिसरी कॉइल आणणं म्हणजे तिसरा बळी देणं.

कॉइल घरी बदलणं अवघड नाही. दहा नंबरचा गोटी पाना, लांब एक्स्टेन्शन, प्लग काढायची आत रबर असलेली गोटी, उजेडासाठी बॅटरी (टॉर्च) आणि एक साधा मल्टिमीटर एवढ्यावर काम होतं. डोकं लागतं ते निदानाला, म्हणून इथे जास्त जागा त्यालाच दिली आहे.

झटके घाटातच का येतात

कॉइल बॅटरीच्या बारा व्होल्टचे वीस ते चाळीस हजार व्होल्ट करते. मात्र दर ठिणगीला ती पूर्ण ताकद लावत नाही. प्लगच्या दोन टोकांमधली फट ओलांडायला जेवढे व्होल्ट लागतील तेवढेच चढतात आणि ठिणगी पडते. फट वाढली की जास्त व्होल्ट लागतात. सिलिंडरमधला दाब वाढला की जास्त लागतात. मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी असलं तरी जास्त लागतात.

होटगी रोडवर सपाट रस्त्याने एकटे चाललात तर सिलिंडरमध्ये हवा थोडीच भरते, दाब कमी राहतो, कमजोर कॉइलही वेळ मारून नेते. तीच गाडी पाच माणसं, एसी चालू, तुळजापूरच्या घाटात चौथ्या गिअरला दाबली की सिलिंडर पूर्ण भरतो आणि कॉइलचं खरं वय बाहेर येतं. म्हणून गाडी दाखवायला नेताना मिस्त्रीला गॅरेजच्या दारात आवाज ऐकवून उपयोग नसतो. त्याला शेजारी बसवा आणि कुठल्यातरी उड्डाणपुलाच्या चढावर वरच्या गिअरला ओढून दाखवा.

आता मुद्द्याची गोष्ट. प्लगची फट झिजून इतकी वाढली की ठिणगी ती ओलांडू शकत नाही, तेव्हा ते हजारो व्होल्ट जिरत नाहीत, दुसरी वाट शोधतात. कधी कॉइलच्या रबरी बुटातून (प्लगवर बसणाऱ्या रबरी नळीतून) फुटून शेजारच्या लोखंडाकडे, कधी कॉइलच्या आतल्या इन्सुलेशनमधून. एकदा वाट पडली की तिथे कोळशाची बारीक रेघ उमटते, आणि पुढची ठिणगी आपसूक त्याच रेघेने जाते. जुन्या प्लगवर नवी कॉइल का जगत नाही, त्याचं उत्तर एवढंच आहे.

सीएनजी किट असेल तर हे सगळं आणखी लवकर दिसतं. गॅसच्या मिश्रणाला ठिणगीसाठी पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. गाडी पेट्रोलवर नीट आणि गॅसवर मिसिंग, असं असेल तर किटवाल्याशी भांडण्याआधी प्लग आणि कॉइल बघा. गॅसवर चालणाऱ्या गाडीत प्लगची फट पेट्रोलपेक्षा थोडी कमी ठेवायची पद्धत आहे, साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर. किटच्या पुस्तिकेत आकडा दिला असेल तर तोच पाळा.

आजकाल प्रत्येक मिसिंगचं खापर पेट्रोलमधल्या इथेनॉलवर फुटतं. साखर कारखान्यांनी भरलेल्या जिल्ह्यात राहून इथेनॉलला शिव्या घालायच्या म्हणजे गंमतच. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील यांचा प्रश्न वेगळा आणि खरा आहे. पण टाकी एकच असते. एकाच सिलिंडरवर येणाऱ्या मिसिंगचा दोष त्या टाकीतल्या इंधनाला देता येत नाही.

आपल्या गाडीत काय आहे ते आधी बघा

बॉनेट उघडून बघितलं की कळतं. प्रत्येक प्लगवर एकेक काळी कॉइल उभी आणि तिला छोटा कपलर, हा सगळ्यात सोपा प्रकार. मारुतीच्या के-१० इंजिनात तीन सिलिंडर, तीन कॉइल. होंडा सिटीच्या जुन्या आय-डीएसआय इंजिनात मात्र चार सिलिंडरला आठ प्लग आणि आठ कॉइल आहेत, त्यातल्या मागच्या चार काढताना हात सोलून निघतात. ती गाडी असेल तर अख्खा रविवार राखून ठेवा.

दुसरा प्रकार म्हणजे एक कॉइल दोन सिलिंडरला करंट देते. चार सिलिंडरच्या गाडीत जोडी बहुधा एक-चार आणि दोन-तीन अशी असते. अशा गाडीत जोडीचे दोन्ही सिलिंडर एकदम मेले तर कॉइल, एकच मेला तर वायर किंवा प्लग, असा पहिला अंदाज बांधायला हरकत नाही. डिस्ट्रिब्युटरची (एका कॉइलचा करंट सगळ्या प्लगना वाटून देणारा भाग असलेली) त्याहून जुनी गाडी असेल तर कॉइल एकच असते, ती गेली तर गाडी बंदच पडते. तिथे एका सिलिंडरचं मिसिंग म्हणजे प्लग, डिस्ट्रिब्युटरची कॅप किंवा एचटी वायर (कॅपपासून प्लगकडे जाणारी जाड वायर).

पुढचं वर्णन मुख्यतः पहिल्या प्रकाराचं आहे.

अदलाबदल

ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा) मोबाइलला जोडता येतो, तो घेऊन ठेवा. पी०३०१ म्हणजे एक नंबर सिलिंडर मिसिंग, पी०३०२ म्हणजे दोन नंबर, असं पुढे. पी०३०० म्हणजे मिसिंग एका जागी ठरत नाही. पी०३५१ पासूनचे कोड कॉइलच्या वायरिंग-सर्किटचे, त्यांचा अर्थ वेगळा. ते आले तर कॉइलच्या आधी कपलर आणि वायर तपासायच्या. आपल्याकडे मिसिंग ओळखणाऱ्या ओबीडीचा टप्पा एप्रिल २०१३ पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या बऱ्याच गाड्या झटके देत राहतात आणि स्कॅनर मात्र 'सर्व ठीक' दाखवतो. तेव्हा स्कॅनरच्या शब्दावर जाऊ नका.

समजा दोन नंबरवर संशय आहे. दोन नंबरची कॉइल एक नंबरवर लावा आणि एकची दोनवर. त्याच बैठकीत दोन नंबरचा प्लग चार नंबरला लावा, चारचा दोनला. (तीन सिलिंडरची गाडी असेल तर प्लग तीन नंबरला.) मग कोड पुसून गाडी चढावर ओढा. मिसिंग एक नंबरवर गेलं तर कॉइल दोषी. चारवर गेलं तर प्लग. दोनवरच राहिलं तर दोन्ही निर्दोष, दोष इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग), वायरिंग किंवा कम्प्रेशनमध्ये (सिलिंडरमधल्या दाबात). आणि मिसिंग गायबच झालं, तर कपलर ढिला होता आणि तुम्ही तो हलवून पुन्हा दाबून बसवलात. हा शेवटचा निकाल बऱ्यापैकी वेळा लागतो. पैसे वाचले म्हणून खूश होऊन गाडी झाकून ठेवू नका, ढिला कपलर पुन्हा ढिला होणारच.

स्कॅनर नसेल तर जुनी पद्धत. गाडी बंद ठेवून एका सिलिंडरच्या इंजेक्टरचा कपलर काढायचा, मग सुरू करून दहा-पंधरा सेकंद ऐकायचं. इंजिन आणखी लंगडं झालं तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तो आधीच मेलेला. बंद करायचं, कपलर लावायचा, पुढचा काढायचा. काही मिस्त्री चालू इंजिनवर कॉइलच उपटून बघतात. ते करू नका. करंट बसतो तो बसतोच, शिवाय ठिणगीला वाट न मिळाल्याने चांगली कॉइलही आतून फुटते, आणि त्या सिलिंडरमधलं कच्चं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं.

कच्च्या पेट्रोलवरून सांगतो, मिसिंग मारणारी गाडी 'चालतेय तोवर चालवू' म्हणून पुण्यापर्यंत नेऊ नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो लालबुंद तापतो आणि आतली जाळी वितळते. कॉइलच्या खर्चाच्या कित्येक पट खर्च तिथे निघतो. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असेल तर हळू गॅरेजपर्यंत जाता येतं. उघडझाप करत असेल तर पाय काढा आणि गाडी बाजूला घ्या.

काढताना

इंजिन थंड हवं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये थंड इंजिन पहाटेच मिळतं, दुपारी चारला सावलीतली गाडीसुद्धा हात लावू देत नाही. चावी काढून घ्या, बॅटरीची निगेटिव्ह सोडा. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा.

वरचा एअर फिल्टरचा डबा किंवा प्लास्टिकचं कव्हर बाजूला घेतलं की कॉइल दिसतात. प्रत्येक कपलरला मार्करने नंबर टाका किंवा फोटो काढा. कपलरचं लॉक दाबूनच तो ओढायचा. इतक्या वर्षांच्या उष्णतेने ते प्लास्टिक पापडासारखं झालेलं असतं, घाई केली की लॉक हातात येतं. तुटलंच तर कपलर पूर्ण बसवून बारीक केबल टायने कॉइलला आवळता येतो, पण तो तात्पुरता उपाय. नवा कपलर वायरच्या शेपटीसकट सुटा मिळतो, ऑटो इलेक्ट्रिशियन थोड्या वेळात जोडून देतो.

दहाचा बोल्ट काढा. कॉइल सरळ वर ओढू नका, आधी डावी-उजवीकडे पाव फेरा फिरवून रबर सुटं करा, मग वर घ्या. रबरी बूट तुटून खाली राहिला तर लांब चिमट्याच्या पक्कडीने काढा.

प्लग सोडण्याआधी होल स्वच्छ करायचंच. आपल्याकडची धूळ बारीक असते आणि प्लगभोवती तिचा थर साचलेला असतो. प्लग निघाला की तो थर थेट सिलिंडरमध्ये. सायकलचा पंप या कामाला मस्त, त्याच्या नळीला पातळ प्लास्टिकची नळी खोचून होलच्या तळाशी हवा मारा. डोळ्यांवर चष्मा ठेवा, सगळं उडून तोंडावर येतं. होलमध्ये ऑइल दिसलं तर हवा मारू नका. आधी जुनं बनियन लांब स्क्रू-ड्रायव्हरला गुंडाळून टिपून घ्या.

काढलेल्या वस्तू वाचायला शिका

खरं काम इथे आहे, आणि गॅरेजमध्ये नेमकं हेच कोणी करत नाही. जुनी कॉइल कचऱ्यात, नवी गाडीत, बिल हातात. घरी करताना जुनी कॉइल आणि जुना प्लग उजेडात पांढऱ्या कागदावर ठेवा आणि निवांत बघा.

होलमध्ये ऑइल. हा माझ्या मते जुन्या गाड्यांमधला एक नंबरचा मारेकरी. टॅपेट कव्हरचं (इंजिनवरच्या झाकणाचं) पॅकिंग आणि प्लगच्या नळीभोवतीचे गोल सील उष्णतेने कडक होतात, ऑइल झिरपून होलमध्ये साठतं. कॉइलचं रबर त्यात भिजत राहतं, फुगतं, मऊ पडतं, मग ठिणगी रबर फोडून बाहेर जाते. नवी कॉइल त्याच तेलात उभी केलीत तर तिचीही तीच गत. आधी पॅकिंग आणि सीलचा सेट बदला. टॅपेट कव्हर उघडणं हे कॉइल बदलण्याहून एक पायरी वरचं काम, पण बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने थोडे थोडे आवळले आणि जुनं पॅकिंग खरवडून पृष्ठभाग कोरडा केला तर घरीही जमतं. काही गाड्यांत नळीचे सील कव्हरमध्येच पक्के बसवलेले असतात, तिथे कव्हरच नवं घ्यावं लागतं. पार्ट मागण्याआधी याची चौकशी करा.

पाणी. होलच्या तळाशी गंज, प्लगच्या षटकोनावर तांबूस थर, कॉइलच्या स्प्रिंगवर हिरवट-पांढरं बुरशीसारखं काही दिसलं तर पाणी गेलंय. कुठून? बहुधा वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनमधून. नळाला चार-चार दिवस पाणी न येणाऱ्या शहरात इंजिन धुऊन घ्यायची हौस कुठून येते कोण जाणे. धुवायचंच असेल तर ओल्या फडक्याने पुसा. पावसाळ्यानंतरच पाणी दिसत असेल तर काचेखालच्या वायपरच्या पत्र्याची पाणी जाणारी भोकं पाचोळ्याने बुजली आहेत का ते बघा. ती तुंबली की काही गाड्यांत पाणी थेट इंजिनच्या मागच्या बाजूवर पडतं.

काळी रेघ. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी वाकडीतिकडी बारीक रेघ, आणि बुटाच्या आत तिच्याच समोर तशीच रेघ. ठिणगी इथून पळत होती. ही रेघ पुसून जात नाही. प्लग आणि बूट एकमेकांना हा रोग लावतात, म्हणून दोन्ही एकदम बदलायचे. नुसती कॉइल बदलून रेघवाला प्लग तसाच ठेवला तर नव्या बुटात लवकरच तशीच रेघ उमटते. 'नवी कॉइल टिकली नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा ही एवढीच गोष्ट असते. कॉइल चांगली आणि फक्त बूट खराब असेल तर बूट आणि स्प्रिंग सुटे मिळतात का ते विचारा, बऱ्याच गाड्यांना मिळतात.

तपकिरी कडं. चिनीमाती जिथे धातूत शिरते तिथे गोल तपकिरी डाग दिसतो आणि लोक घाबरतात, गॅस लीक होतोय म्हणतात. तसं नाही. जास्त व्होल्टेजमुळे हवेतले ऑइलचे आणि धुळीचे कण तिथे ओढले जाऊन चिकटतात. त्याने ठिणगीवर काही परिणाम होत नाही.

फट. फिलर गेजने मोजा. नवीन असताना बहुतेक गाड्यांत ०.८ ते १.१ मिलिमीटर, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत. साधे निकेलचे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटरला बदलायला झालेले असतात, इरिडियमचे त्याच्या दुप्पट किंवा जास्त टिकतात. कडा गोल झालेल्या, फट फाकलेली दिसली तर प्लग घासून, ठोकून परत वापरण्यात अर्थ नाही. चारही नवे घ्या. कॉइलच्या बाबतीत चारही बदला असं मी म्हणणार नाही, प्लगच्या बाबतीत नक्की म्हणेन.

नवी जाळणारं आणखी एक कारण: वायर

प्लग नवे, होल कोरडं, तरी एकाच नंबरवर कॉइल मरते. मग तिच्याकडे येणारी वीज बघायची. बॅटरी जोडा, चावी ऑन करा, इंजिन बंद. कपलरच्या फीडच्या पिनवर बॅटरीइतके व्होल्ट यायला हवेत. तिथे अर्धा-एक व्होल्ट कमी असेल तर वाटेत कुठेतरी गंज किंवा तुटकी वायर आहे. कपलरच्या पिना मागे सरकल्या आहेत का, फाकल्या आहेत का ते बॅटरीच्या उजेडात बघा. वायर एखाद्या क्लॅम्पवर घासून उघडी पडली असेल तर ती अधूनमधून बॉडीला टेकते, आणि त्यामुळे कॉइलमध्ये करंट सतत वाहत राहून ती भाजून निघते. गाडी थांबवल्यावर एकच कॉइल बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त गरम लागत असेल तर ही शक्यता धरा.

अर्थिंग तर आपल्याकडे कोणी बघतच नाही. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला, आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनची अर्थची पट्टी काढून, घासून, घट्ट बसवा. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. १५ च्या वर जात असेल तर आल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडलाय. तो एकट्या कॉइललाच नाही, बल्ब, बॅटरी सगळ्यांना खातो.

कॉइल मल्टिमीटरने तपासायची का, असं पुष्कळ जण विचारतात. दोन पिनांच्या कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स मोजता येतो, पण तो इतका कमी असतो की साध्या मीटरच्या तारांचाच रेझिस्टन्स त्यात मिसळतो. तीन-चार पिनांच्या कॉइलमध्ये इग्नायटर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारं सर्किट) आतच असतो, तिथे मीटर काहीही दाखवेल. शिवाय थंड कॉइल टेबलावर पास आणि तापल्यावर इंजिनवर नापास, हा तर नेहमीचा प्रकार. अदलाबदलीची परीक्षा मीटरपेक्षा खरी.

तापल्यावरच त्रास होणाऱ्यांसाठी एक खूण. गाडी बंद केली की पाणी फिरायचं थांबतं आणि प्लगच्या होलमधली उष्णता काही वेळ उलट वाढते. म्हणून भर दुपारी नवी पेठेत दहा मिनिटांचं काम उरकून परत आलात आणि सुरू केल्यावर सुरुवातीची काही मिनिटं एक सिलिंडर गाळतोय (मिसिंग मारतोय), तर कॉइलवर संशय घ्या. त्याच वेळी इंजिन अख्खंच बंद पडतंय, थंड झाल्यावरच सुरू होतंय, तर कॉइल सोडा आणि क्रँक सेन्सर तपासा.

विकत घेताना आणि बसवताना

जुन्या कॉइलवरचा पार्ट नंबर दुकानात दाखवा, नुसतं गाडीचं नाव सांगू नका. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत कॉइल वेगळी असू शकते, आणि चुकीची कॉइल बसतेही, चालतेही, फक्त नीट चालत नाही. दुकानदार "साहेब, हीच चालते, सगळे हीच नेतात" म्हणेल. सगळ्यांना नेऊ द्या. बिनानावाची स्वस्त कॉइल ही या कामातली सगळ्यात महाग वस्तू आहे. कंपनीची किंवा मूळ कॉइल बनवणाऱ्या ब्रँडची, पक्क्या बिलावर घ्या. प्लगच्या बाबतीत डुप्लिकेट आणखी जास्त, तेव्हा तेही ओळखीच्या दुकानातून.

सगळ्या कॉइल मूळच्या असतील आणि गाडी लाख किलोमीटरच्या पुढे गेली असेल तर एक जादा कॉइल घेऊन दहाच्या पान्यासकट डिकीत ठेवा. पंढरपूरच्या वाटेवर एखादी कॉइल मेली तर रस्त्याकडेला चिंचेखाली पंधरा मिनिटांत काम होतं.

प्लग आधी नुसत्या एक्स्टेन्शनने, हाताने फिरवत बसवायचा. अडकल्यासारखा वाटला तर उलटा फिरवून पुन्हा सुरुवात. इंजिनचं डोकं (सिलिंडर हेड) ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर फार महागात पडतं. हाताने टेकला की वॉशरवाल्या नव्या प्लगला पान्याने साधारण अर्धा फेरा. तोच प्लग परत लावत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, त्याला घड्याळाच्या काट्याने एक तास सरकेल एवढाच. टॉर्क रेंच असेल तर पुस्तिकेतला आकडा.

बुटाच्या रबराच्या आतल्या कडेला सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस बोटाने अगदी पातळ लावा. पुढच्या वेळी बूट चिकटणार नाही आणि ओल आत जाणार नाही. बेअरिंगचं साधं ग्रीस लावू नका, ते रबर फुगवतं. कॉइल दाबली की प्लगवर बसल्याचं हाताला जाणवतं, मगच बोल्ट. तो सहा मिलिमीटरचा छोटा बोल्ट आहे, दोन बोटांच्या जोराने आवळा. कपलर 'टक्' असा आवाज येईपर्यंत.

बॅटरी जोडून सुरू केल्यावर आयडलिंग थोडा वेळ वर-खाली होईल, कॉम्प्युटर पुन्हा जुळवून घेत असतो. कोड पुसा आणि आधी ज्या चढावर झटके यायचे त्याच चढावर, त्याच गिअरला, एसी लावून गाडी ओढून बघा. महिनाभराने एकदा ज्या होलमध्ये ऑइल किंवा पाणी होतं ती कॉइल उचलून बघायची. कोरडी असेल तर काम पूर्ण झालं.

कॉइलच्या पलीकडे

अदलाबदल करूनही मिसिंग त्याच सिलिंडरवर चिकटून असेल तर आधी इंजेक्टर स्वच्छ करून बघा किंवा त्याचीही अदलाबदल करा. गॅसवर खूप चाललेल्या गाडीत व्हॉल्वच्या सीटा झिजतात, टॅपेटचा क्लिअरन्स संपत जातो आणि व्हॉल्व पूर्ण मिटत नाही. अशी गाडी इंजिन थंड असताना आयडलिंगला गाळते, वेग घेतल्यावर बरी चालते. म्हणजे कमजोर कॉइलच्या अगदी उलट वागणूक. तिथे कम्प्रेशन मोजावं लागतं, ते मिस्त्रीचं काम. त्याला जाऊन 'कॉइल बघा' म्हणू नका. "दोन नंबरची कॉइल आणि प्लग फिरवून बघितले, दोष हलला नाही, चारही सिलिंडरचं कम्प्रेशन मोजून आकडे लिहून द्या" असं सांगा. आकड्यांत एक सिलिंडर इतरांपेक्षा बराच खाली निघाला तर त्यात थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजायला लावा. आकडा वर आला तर रिंगा, नाही आला तर व्हॉल्व.